जुन्या मस्टँगला घरी बनवलेले सबफ्रेम कनेक्टर कसे बसवायचे
1965 ते 70 च्या फोर्ड मस्टँग गाडीला सलग चासी नाहीये, पुढच्या रेल (चासीचे लांब दांडे) फ्लोअरखाली येऊन संपतात, मागच्या वेगळ्याच सुरू होतात, मधे फक्त पत्रा आणि रॉकर (दाराखालची पट्टी), म्हणून इंजिनचा जोर वाढला की बॉडी पिळते. सबफ्रेम कनेक्टर म्हणजे पुढची आणि मागची रेल जोडणारी ट्यूब, डावीकडे एक आणि उजवीकडे एक.

2 बाय 3 इंची, साधारण 3 मिमी जाडीची एमएस (माइल्ड स्टील) ट्यूब घ्या. त्याआधी रेल टोचून बघा, कुजक्या पत्र्याला वेल्ड धरतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडीचं वजन सस्पेन्शनवर हवं, म्हणजे जॅक स्टँड मागे ॲक्सलखाली आणि पुढे लोअर आर्मखाली (चाकाला धरणारा खालचा दांडा), बॉडीला जॅक लावून वेल्ड केलंत तर वाकलेली बॉडी तशीच लॉक होते आणि मग दरवाजे नीट लागत नाहीत. दारांच्या फटी आधी मोजून लिहून ठेवाच, प्लीज!

बॅटरी काढा, कार्पेट उचला, फ्युएल लाइन आणि हँडब्रेक केबल बाजूला घ्या, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत ग्राइंडर मारा, आधी फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके), फटी परत मोजा, मग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं थोडं थोडं वेल्ड. पुढची रेल पातळ असते, तिथे प्लेट लावूनच जोडा. मग प्रायमर आणि सीम सीलर (सांधे बंद करणारा सीलंट).