घरी शुश्रूषेची व्यवस्था लावताना: ज्येष्ठांचे स्वावलंबन कसे जपावे

आजीआजोबांना रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस ठरला की घरात पहिला प्रश्न निघतो, 'बाई बारा तासांची लावायची की चोवीस तासांची?' या प्रश्नाच्या आधी एक काम करणे आवश्यक आहे. आपले माणूस आज स्वतःच्या हाताने काय काय करू शकते, हे दोन दिवस शांतपणे पाहून कागदावर लिहून काढावे. आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणे, लघवी व शौचावर ताबा असणे आणि जेवणे या सहा गोष्टी डॉक्टरही याच कारणासाठी विचारतात. प्रत्येकीपुढे 'स्वतः', 'कोणी जवळ उभे असल्यास', 'हात दिल्यास' किंवा 'पूर्णपणे दुसऱ्याने' यांपैकी एक नोंद करावी. मदत कोणत्या वेळी आणि किती हवी, याचे उत्तर या कागदावरूनच मिळते.

हे आम्ही केले नाही आणि त्याची किंमत माझ्या सासूबाईंनी मोजली. न्हाणीघरात घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर आम्ही ब्युरोतून, म्हणजे घरी शुश्रूषेला माणसे पुरवणाऱ्या संस्थेतून, चोवीस तासांच्या मावशी लावल्या. मावशी अतिशय मायाळू होत्या. त्या सासूबाईंना भरवत, त्यांची वेणी घालत, पाण्याचा पेलासुद्धा त्यांच्या ओठांशी धरत. सहा आठवड्यांनी घरी आलेल्या फिजिओथेरपिस्टने विचारले, "दुखणे पायाचे आहे, मग हातांना काय झाले?" तोवर सासूबाईंना ब्लाउजचे हूक लावता येईनासे झाले होते. दोष मावशींचा नव्हता, कारण 'आईंना काहीही करू देऊ नका' असे आम्हीच त्यांना बजावले होते. उतारवयात स्नायू न वापरल्यास फार लवकर झिजतात आणि पुन्हा कमावायला कित्येक पट वेळ लागतो. म्हणून घरच्या शुश्रूषेचे मोजमाप मावशी किती कामे करतात यावर नव्हे, तर आजी किती कामे स्वतः करू लागल्या यावर करावे, असे माझे ठाम मत आहे.

कोणाला बोलवायचे, हे कामाच्या स्वरूपावरून ठरवावे. तीन वर्षांचा जीएनएम किंवा दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या परिचारिकेची राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते आणि ते प्रमाणपत्र पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये. शिरेतून द्यायची औषधे, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणे, नाकातून घातलेली नळी बसवणे आणि खोल जखमेचे ड्रेसिंग ही कामे तिचीच आहेत. आंघोळ, चालताना सोबत, जेवण आणि स्वच्छता यांसाठी अनुभवी मावशी किंवा ब्रदर (पुरुष मदतनीस) पुरेसे असतात. पुष्कळ घरांना खरी गरज असते ती आठवड्यातून दोनदा अर्धा तास येणाऱ्या परिचारिकेची आणि सकाळी चार तास येणाऱ्या मावशींची. चोवीस तासांची व्यवस्था केवळ काळजीपोटी लावली जाते.

ब्युरोशी बोलताना साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण देणार, कमिशन व डिपॉझिट किती आणि पोलीस पडताळणी झाली आहे का, हे लेखी घ्यावे. चोवीस तासांच्या मावशींनाही सलग झोप मिळाली पाहिजे. रात्री चार वेळा उठणाऱ्या रुग्णाकडे दिवसभरही एकच बाई असेल, तर थकव्यातून चुका होणारच. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांचा समावेश झाला असला, तरी ते संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे, मावशींचा पगार त्यातून निघत नाही, म्हणून हा खर्च आधीच धरून चालावे. निवड करताना आजींना समोर बसवावे, कारण ज्या व्यक्तीच्या हाताने त्यांना आंघोळ घालून घ्यायची आहे, तिला नाकारण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

मदत कशी करावी, हे पहिल्या दिवशी मावशींना करून दाखवावे. खुर्चीतून उठवताना काखेत हात घालून ओढू नये, त्याने खांदा दुखावतो. आजींना खुर्चीच्या कडेशी पुढे सरकायला सांगावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला लावावीत, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून नाक पायांच्या बोटांच्या पुढे येईल इतके वाकायला सांगावे आणि मग 'एक, दोन, तीन' म्हणत त्यांनाच उठू द्यावे. मावशींनी दुबळ्या बाजूला उभे राहून कमरेमागे हात तयार ठेवावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा. कपडे घालताना दुखरी बाजू आधी, काढताना शेवटी.

आंघोळीला हातांचे खुर्चीवजा आसन ठेवावे, कोपऱ्यातले बुटके स्टूल नव्हे. खुब्याचा सांधा बदलला असल्यास बसण्याची उंची फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवावी. पाण्याची बादली जमिनीवर न ठेवता दुसऱ्या उंच पाटावर ठेवली, की तांब्या घ्यायला वाकावे लागत नाही आणि आजी स्वतः अंगावर पाणी घेऊ शकतात. पाठ आणि पावले मावशींनी चोळावीत, बाकीचे अंग आजींनी. यात वीस मिनिटे अधिक जातात आणि ती जाऊ द्यावीत. कमोडजवळची पकडदांडी भिंतीत पक्की बसवलेली असावी, कारण टॉवेलच्या दांडीला धरून उठणाऱ्यांचा भार ती दांडी पेलत नाही.

औषधांसाठी आठवड्याची खणांची डबी आणावी. परिचारिकेने किंवा मुलाने ती रविवारी भरावी, गोळी आजींनी स्वतः काढावी आणि मावशींनी फक्त खण रिकामा झाल्याचे पाहावे. इन्शुलिन घेणाऱ्या व्यक्तीला घाम, थरथर किंवा गोंधळ जाणवला आणि साखर ७०च्या खाली आली, तर ती शुद्धीवर असताना तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता १०८ला फोन करावा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना पलंगावरून एकदम उभे राहू नये. दोन मिनिटे पाय खाली सोडून बसण्याची सवय लावावी.

दाराजवळ एक वही ठेवावी. तिच्यात रक्तदाब, साखर, लघवी-शौच आणि जेवण यांच्या नोंदींबरोबरच 'आज स्वतः काय केले' असा एक रकाना आखावा. आमच्या वहीत एका पानावर मावशींनी लिहिले होते, 'आजींनी वेणी स्वतः घातली, थोडी वाकडी झाली, सोडवली नाही.' तो रकाना पाहूनच आम्ही दर पंधरा दिवसांनी मदतीचे तास कमी करत गेलो.

मात्र काही गोष्टींसाठी वहीची वाट पाहू नये. माकडहाडावर किंवा टाचेवर बोटाने दाबूनही न जाणारी लाली दिसली, तर ती बेडसोअरची, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते. त्या भागावरचा भार तत्काळ काढावा आणि परिचारिकेला दाखवावे. एरवी ठणठणीत बोलणारी व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये, त्यामागे लघवीतला जंतुसंसर्ग किंवा अन्य आजार असू शकतो. हृदयाच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर अंगात पाणी साचत असण्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

रात्रीची सोबत सर्वांत शेवटी कमी करावी आणि त्याआधी एक रंगीत तालीम करावी. मावशींनी बाहेरच्या खोलीत झोपावे, आजींनी दिवा लावून एकटीने कमोडपर्यंत जाऊन यावे, मोबाइल उशाशी हाताच्या टप्प्यात असावा आणि त्यातला शेजाऱ्यांचा क्रमांक त्यांनी स्वतः लावून पाहावा. शेजाऱ्यांकडे घराची एक किल्ली द्यावी आणि दाराची आतली कडी रात्री लावू नये, केवळ कुलूप फिरवावे. माझ्या सासूबाईंनी ही तालीम सलग सात रात्री केली आणि आठव्या दिवशी मावशींना 'उद्यापासून सकाळी आठलाच ये गं' असे त्यांनीच सांगितले.