एजंटच्या हाती टोकन देताय? या चुका टाळा

लातुरात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, एजंटला टोकन कुठं द्यायचं?" एजंट म्हणजे आपल्या मशीनवर कोड लिहिणारा, कमांड चालवणारा एआय मदतनीस, आणि एखादी सेवा वापरायला त्याला लागणारी गुप्त किल्ली म्हणजे टोकन. मी तोंड उघडेपर्यंत निम्म्यांनी ते चॅटमध्ये चिकटवलेलं असतं.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते याच चुकीने. चॅटमध्ये टाकलेलं टोकन पुढच्या प्रत्येक संदेशाबरोबर मॉडेलवाल्यांच्या सर्व्हरवर जातं. बहुतेक एजंट तुमच्याच मशीनवर संभाषणाची नोंदही ठेवतात, त्या नोंदीत ते साध्या मजकुरात पडून राहतं. वर एजंट ते कुठेही वापरतो, टेस्ट फाइलमध्ये, कमांडमध्ये, कधी रीडमीत (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलीत) नमुना म्हणूनसुद्धा. नमुना पाहिजे म्हटल्यावर हाताशी असेल तो मजकूर तो उचलतो.

मागच्या सोयाबीनच्या हंगामातली गोष्ट. मार्केट यार्डातल्या एका आडतदाराला रोज संध्याकाळचा भाव शेतकऱ्यांच्या टेलिग्राम ग्रुपवर पाठवायचा होता. माझ्याकडचं एक हुशार पोरगं कामाला लागलं. टेलिग्रामवर बॉट, म्हणजे आपोआप मेसेज पाठवणारं खातं, बनवून देणाऱ्या बॉटफादरकडून टोकन घेतलं, एजंटला म्हणालं, "हे घे, मेसेज पाठवून दाखव." मेसेज गेला. टाळ्या. पण चाचणीसाठी एजंटने एक छोटी फाइल केली होती आणि टोकन तिच्यात जसंच्या तसं होतं. पोराने "सगळं कमिट कर" म्हटलं. कमिट म्हणजे गिट या कोडच्या नोंदवहीत बदल नोंदवणं. रेपो, म्हणजे त्या कोडचा इंटरनेटवरचा साठा, सार्वजनिक, कारण नोकरीच्या अर्जात दाखवायची होती.

टेलिग्रामच्या बॉटचं टोकन ज्याच्या हातात, बॉट त्याचा. तिसऱ्या दिवशी पहाटे ग्रुपवर झटपट कर्जाची लिंक आली, आडतीच्या नावाने. सहाला मला फोन: "सर, आम्ही सोयाबीन घेतो. कर्ज कधीपासून वाटायला लागलो?"

आणि इथे दुसरी चूक. पोराने फाइलमधली ती ओळ पुसली, नवा कमिट केला आणि म्हणालं, "काढलं सर, आता कायबी होत नाही." गिट विसरत नाही हो! जुना कमिट तिथंच असतो आणि कुणी आधीच कॉपी घेतली असेल तर तिथे तुमचा खोडरबर पोचत नाही. लाजेची गोष्ट म्हणजे टोकन नेमकं कुठून फुटलं हे शोधण्यात मीही तासभर घालवला. तोवर दुसरी लिंक गेली. शेवटी बॉटफादरला 'रिव्होक' (रद्द कर) सांगितलं आणि अर्ध्या मिनिटात जुनं टोकन मेलं. आधी मारायचं, मग पंचनामा करायचा. तेव्हापासून माझ्या कपाटाच्या दारावर एक कागद आहे: कोणतं टोकन कशासाठी, संपणार कधी, रद्द कुठे करायचं. टोकन स्वतः त्यावर नाही, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो.

"रेपो खाजगी आहे" म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: 2016 मध्ये उबरच्या खाजगी गिटहब (कोड ठेवायची वेबसाइट) रेपोत हल्लेखोरांना अ‍ॅमेझॉन क्लाउडच्या किल्ल्या सापडल्या आणि 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली.

टोकन ठेवायची डॉट एन्व्ह फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत, टाकली की पोरं निर्धास्त. ते कुलूप गिटसाठी आहे, एजंटसाठी नाही. काही अडलं की एजंट ती फाइल खुशाल उघडून वाचतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं, म्हणजे प्रोग्रॅमला सिस्टिमकडून मिळणाऱ्या मूल्यांचंही तेच, एका कमांडने सगळी यादी पडद्यावर. मी एक छोटी स्क्रिप्ट ठेवतो. ती दुसऱ्या युजरखाली चालते, टोकन तीच उचलते, एजंटला फक्त उत्तर मिळतं. त्याच युजरखाली ठेवली तर उपयोग शून्य, कारण मग एजंटही तिथं पोचतो.

आता घाईवाले. एरर आली की परवानग्यांच्या सगळ्या चौकटींवर टिक. अरे, आधी आकडा तर वाचा. 401 म्हणजे तुमची ओळखच पटली नाही: टोकन संपलंय, टोकनच्या आधी लिहायचा 'बेअरर' शब्द राहिलाय किंवा कॉपी करताना शेवटी रिकामी ओळ आलीय. इथे परवानग्या वाढवून काही होत नाही. 403 म्हणजे ओळखलं, पण हे काम तुमचं नाही. तेवढी एक परवानगी द्या. गिटहब तर परवानगी नसलेल्या खाजगी रेपोसाठी 404, म्हणजे 'सापडलं नाही', दाखवतं, आणि लोक पत्ता चुकला म्हणून दिवसभर स्पेलिंग तपासतात. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी या गावाने घागरी मोजून वापरलं. त्याच गावातली पोरं परवानग्या मात्र नळ सोडल्यासारख्या देतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर टोकनचा स्क्रीनशॉट: नको. घरच्या मशीनला आणि सर्व्हरला एकच टोकन: नको.

बाहेरची पानं किंवा मेल वाचणाऱ्या एजंटकडे पाठवण्याचं टोकन देऊ नका. त्या पानात कुणी लपवून लिहिलेली सूचना तो तुमचीच समजून पाळू शकतो. म्हणून आमच्याकडे भाव वाचणारा वेगळा, पाठवणारा वेगळा. पाठवणाऱ्याला ठरावीक साच्यातले आकडे सोडून काही जात नाही.

शेवटचं दुखणं: "सर, दर आठवड्याला बंद पडतंय." दिवाणजी भाव गूगल शीटमध्ये भरतात, तिथलं लॉगिन बरोबर 7 दिवसांनी तुटायचं. एजंटने तीनदा कोड बदलून दिला, पोराने तीनदा घेतला. कोड ठीकच होता. गूगलच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप 'टेस्टिंग'वर असलं की रिफ्रेश टोकन, म्हणजे लॉगिन चालू ठेवणारं टोकन, 7 दिवसांतच मरतं. 'प्रॉडक्शन'वर नेलं, थांबलं. पण तोवर दोन संध्याकाळी भाव गेलेच नव्हते आणि आडतदाराचा फोन आला होता: "भाव नाही आला सर. मग आज कर्ज तरी मिळंल का?"