परसात ग्रिल आणताय? या चुका टाळा

मार्च सरला की गोव्यात संध्याकाळी घरात बसवत नाही. उकाडा वाढलेला असतो, बाजारात इसवण (सुरमई), बांगडे, सुंगटं (कोळंबी) अजून मिळत असतात, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद राहणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून परसात ग्रिल आणायचं ठरतं ते नेमकं याच दिवसांत आणि बहुतेकदा घाईत.

आमचं पहिलं ग्रिल मी झाकणाची चकाकी बघून घेतलं. घर किनाऱ्याजवळ. दोन पावसाळे गेले, झाकण तसंच चकचकीत, पण पायांचे नट-बोल्ट आतून कुजले होते. एका संध्याकाळी ते निखाऱ्यांसकट एका अंगाला कललं. पुतणी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला काही झालं नाही, पण तेव्हापासून ग्रिल आडवं करून, खालून बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

खाऱ्या हवेत पहिला गंज धरतो तो जोडांना, बिजागऱ्यांना आणि स्क्रूंना. दुकानात लोहचुंबक घेऊन जा. पत्र्याला तो घट्ट चिकटला तर ते ३०४ प्रतीचं स्टेनलेस नव्हे, एवढं समजतं. चिकटला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण २०१ प्रतीलाही तो चिकटत नाही आणि ती किनाऱ्यावर लवकर डागाळते. बिलावर प्रत लिहून घ्या. अगदी समुद्राला लागून राहत असाल तर ३१६ उत्तम, त्यात मॉलिब्डेनम असतं. महाग पडतं, तेव्हा निदान जाळी आणि बर्नर तरी चांगल्या स्टीलचे बघा. इनॅमलचं कोळशाचं ग्रिलही छान टिकतं, फक्त कुठे टवका उडालेला नको.

पैसे वाचवायला हार्डवेअरच्या दुकानातली जस्ताची, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड जाळी कापून वर ठेवणारे बरेच आहेत. कृपा करून ठेवू नका. जोरदार आचेवर जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की ताप भरतो, आणि मासा त्याच जाळीवर भाजलेला असतो.

गॅसचं ग्रिल घेतलं तर खरी गडबड रेग्युलेटरची. परदेशी बनावटीच्या कित्येक ग्रिलांचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडं, प्रोपेनसाठी असतात. आपल्या घरगुती सिलिंडरात ब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण असतं. ज्योत पिवळी, काजळी धरणारी आली तर दुकानदाराकडून एलपीजीचे जेट बसवून घ्या. आच कमी वाटते म्हणून हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावणं ही सगळ्यांत धोक्याची चूक. नळी आयएसआय छापाचीच हवी. जोडणी झाली की प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती. झाकण उघडल्याशिवाय बर्नर कधीही पेटवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, ते आत खाली साचून राहतं.

जागा ठरवताना वर बघा. माडाखाली सावली छान, पण सुकलेलं चुडत निखाऱ्यावर पडलं तर क्षणात पेट घेतं. गवताची उडवी, लाकडांचा ढीग, वाळत घातलेले कपडे यांपासून चांगलं दूर ठेवा. दुपारपासून वारा समुद्राकडून येतो, म्हणून धूर कोणाच्या खिडकीत जाणार हे आधी बघून घ्या. अवकाळी सर आली म्हणून पेटलेलं ग्रिल व्हरांड्यात किंवा गॅरेजात ओढू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. चिऱ्यांची कायमची चूल बांधायची असेल तर आतून भट्टीच्या विटा लावा, कारण चिरा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो आणि थेट आगीत तडकतो.

नवं ग्रिल पहिल्यांदा रिकामंच अर्धा-पाऊण तास तापवा, कारखान्यातलं तेल जळून जाऊ द्या. बिडाची जाळी असेल तर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तापवा. जाड थर दिला तर तो चिकट राहतो.

आता रोजच्या तक्रारी. कोळसा पेटतच नाही? बहुधा तो सर्दावलेला असतो किंवा खालची झडप राखेने बुजलेली असते. रॉकेल, पेट्रोल ओतू नका. खाली नारळाच्या करवंट्या रचा, त्या लगेच पेटतात. पण करवंट्यांच्या ज्वाळेवर मासा ठेवायची घाई करू नका. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत वीस-तीस मिनिटं थांबा.

मासा जाळीला चिकटतो तो जाळी थंड आणि मासा ओला असल्यामुळे. पुसून कोरडा करा, तेल जाळीला नव्हे, माशाला लावा, आणि कातडी आपणहून सुटेपर्यंत उलटू नका. गोव्याच्या लाल रेशाद मसाल्यात साखर असते, ती आधी करपते. म्हणून तो माशाला दिलेल्या चिरांच्या आत भरा, वरून नुसतं बोट फिरवा. बांगड्याची चरबी गळून ज्वाळा उठतात, त्यावर पाणी मारू नका. निखारे एका बाजूला ओढून ठेवलेले असले की मासा दुसऱ्या बाजूला सरकवता येतो. माझ्या मते ही एक सवय लागली की अर्ध्या तक्रारी संपतात.

राख रात्रीच कचऱ्यात टाकू नका, आत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. पण ग्रिलमध्येही ती राहू देऊ नका, ती दमट हवेतलं पाणी ओढते आणि तळ खाते. पावसाळ्याआधी सगळं खरवडून, तेलाचा हात देऊन ग्रिल छपराखाली ठेवा. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं तर आत घाम धरतो. सिलिंडर मात्र काढून बाहेरच, हवेशीर जागी उभा ठेवा. गणेश चवथीनंतर ग्रिल बाहेर काढाल तेव्हा पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्या तारेने साफ करा. तिथे कुंभारीण माशी मातीचं घर बांधून बसते, नळी बुजते आणि गॅस मागच्या मागे, बटणांपाशी पेट घेतो.