शिवसागराच्या काठी बोटींची डागडुजी: वळीव येण्याआधी या चुका टाळा

बामणोली, तापोळा आणि शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावरच्या गावांत मे महिन्यात दोन कामं एकदम चालू असतात. पर्यटकांची वर्दळ असते, वासोटा किल्ल्यावर जाणारे असतात, आणि त्याच गडबडीत आळीपाळीने एकेक बोट काठावर ओढून तिची डागडुजी उरकली जाते. पत्रा घासणं, फायबरचे तडे भरणं, रंग, इंजिन ऑइल, बॅटरी, सगळं याच दिवसांत. मी इथं बोटींच्या इंजिनाची आणि फायबरची कामं करतो. पावसाच्या पाण्याबरोबर आपल्या कामाच्या जागेवरून काय काय तलावात उतरतं, हे दरवर्षी डोळ्यांनी बघतो. बहुतेक वेळा कुणाची नियत वाईट नसते. नियोजन चुकलेलं असतं.

तलावाच्या पोटात वर्कशॉप थाटणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

मेमध्ये धरण उतरलेलं असतं. पाणी खाली सरकतं आणि मधली भेगाळलेली, मोकळी जमीन आयतीच हाती येते. बोट ओढायला सोपी, भाडं नाही, कुणाची अडचण नाही. म्हणून तिथंच ग्राइंडर चालतो, तिथंच डबे उघडतात. पण तो तलावाचा तळ आहे, काही महिन्यांपुरता उघडा पडलेला. कोयना धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की मेमध्ये जिथं आपण बसून जेवलो, त्या जागेवरून बोटी चालतात. तिथं सांडलेलं ऑइल, रंगाच्या खपल्या, फायबरचा भुगा यांना वाहून जायला ओढ्याचीही गरज नाही. तलाव स्वतः वर येऊन ते उचलतो.

एका म्हाताऱ्या नावाड्याशी यावर माझं बोलणं झालं. ते म्हणाले, "आरं, पानी वाढलं की समदं वाहून जातंय. दरसाल तर जातंय."

मी म्हटलं, "आबा, वाहून जातं कुठं? समोरचं अभयारण्य हेच पाणी पितं. पुढं हीच कोयना कराडला कृष्णेला मिळते. आणि तुमच्या घरच्या नळाचं पाणी कुठनं येतं?"

आबा थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना सांगून स्वतःची बोट वरच्या खळ्यावर ओढायला लावली. पाच माणसं आणि अर्धा दिवस लागला. त्यांच्या या वयात घेतलेली ती मेहनत मी विसरलेलो नाही.

उपाय तोच आहे. घासकाम, रंगकाम आणि ऑइल बदलणं पूर्ण भरलेल्या तलावाच्या रेषेच्या वर करायचं. ती रेषा शोधायला यंत्र लागत नाही. काठच्या खडकांवर पाण्याचा पट्टा दिसतो, आणि त्याच्या वरच झाडं-झुडपं दाट सुरू होतात. एखादी जड लाँच वर नेणं खरोखरच शक्य नसेल, तर खाली फक्त नटबोल्ट खोलण्यासारखं कोरडं काम करा. जे सांडतं किंवा उडतं, ते वर.

पाऊस मृगापासून मोजणं

"पावसाच्या आत उरकू" असं सगळेच म्हणतात, आणि मनात ७ जून धरलेला असतो. पण डागडुजीचा हंगाम हाच वळवाचा हंगाम आहे. दुपारपर्यंत कडक ऊन, तीन वाजता डोंगरावर काळं, चारला धो धो. सुकलेल्या जमिनीवरचा हा पहिला लोंढाच सगळ्यात घाण असतो. सात-आठ महिन्यांची धूळ, तेलाचे डाग, भुगा तो एकदम उचलतो. त्यामुळे पावसाची तयारी मेअखेरीला करायची नसते. बोट वर ओढली त्या दिवशी ती झालेली हवी.

आमच्याकडे आता एक नियम आहे: ग्राइंडर अडीचला बंद. अडीच ते तीन झाडलोट, डबे झाकणं, ताडपत्री उचलणं. आभाळ कोरं असलं तरीही. सुरुवातीला पोरं कुरकुरली. रोज अर्धा-पाऊण तास मजुरी जाते, हे खरं आहे.

खड्डा खणून पाणी अडवू, असं समजणं

एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आता तुमची कामाची जागा धरा वीस मीटर बाय पंधरा, म्हणजे ३०० चौरस मीटर. या भागात पावसाळ्यात एका दिवसात २०० मिलिमीटर पडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. शेजारच्या महाबळेश्वरची वर्षाची सरासरीच साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर आहे. गुणाकार करा: ६०,००० लिटर. दहा हजारांचे सहा टँकर, एका दिवसात, एवढ्याशा जागेवरून. चार फुटांचा शोषखड्डा यात तासाभरात भरतो आणि मग त्यात साठलेलं तेल आधी बाहेर पडतं, कारण तेल वर तरंगतं.

म्हणून आपल्या भागात नियोजनाचं सूत्र एकच: पावसाला घाण भेटूच द्यायची नाही. वरून येणारं पाणी जागेच्या डोक्याशी चर मारून बाजूला वळवा, भाताच्या खाचराला वळवतो तसंच. तेल, रंग, फायबरच्या कामाचं रेझिन, बॅटरी छपराखाली. चार बांबू आणि पत्रे पुरतात. जागा आणि पाणी यांच्या मध्ये दहा मीटरची तरी गवताची पट्टी राहू द्या. तिथं वाळा लावला तर माती चांगली धरतो, पण तो भरल्या तलावाच्या रेषेच्या वरच लावा, महिनोन्‌महिने बुडून राहिला तर जगेलच असं नाही.

पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे नुसतं बघून कळत नाही. पहिल्या वळवात छत्री घेऊन जागेवर उभे राहा आणि चार-पाच ठिकाणी मूठमूठ भाताचं तूस टाका. तूस पाण्यावर तरंगत जातं आणि कुठल्या ओघळीने तलावात उतरतं ते लख्ख दिसतं. आमच्या जागेवर मला वाटत होतं पाणी डावीकडच्या नाल्याला जातं. तुसानं दाखवलं की अर्धं पाणी डिझेलच्या कॅनजवळून थेट धक्क्यावर येत होतं. त्याच रात्री कॅन हलवले.

उघड्या मातीवर घासणं, आणि ताडपत्री चुकीची अंथरणं

लोखंडी लाँचवरचा गंज आणि जुना रंग खरवडताना जो भुगा पडतो त्यात जुन्या थरांमधलं शिसं असू शकतं. फायबरची पूड तर वर्षानुवर्षं कुजत नाही. ताडपत्री हवीच. पण ती कशी वापरता यावर सगळं अवलंबून आहे.

नेहमीची चूक म्हणजे ताडपत्रीच्या कडा बांबू घालून वर उचलायच्या, म्हणजे भुगा बाहेर जाणार नाही, आणि संध्याकाळी ती तशीच सोडून घरी जायचं. रात्री पाऊस झाला की तिचं तळं होतं. सकाळी लाल-निळं पाणी आणि ते ओतायचं कुठं हा प्रश्न. ते आता कुठंही ओतणं चूकच. असं झालंच तर हलवू नका, दिवसभर स्थिर राहू द्या. गाळ खाली बसला की वरचं पाणी हळूच ड्रममध्ये काढा, गाळ तिथंच वाळू द्या आणि खरवडून पोत्यात भरा. ड्रममधलं पाणीही छपराखाली उघडं ठेवून उन्हाळ्यात आटू द्यावं लागतं. एका रात्रीच्या आळसापायी आठवड्याचं काम.

योग्य पद्धत सोपी आहे. ताडपत्री बोटीच्या दोन्ही बाजूंना माणूसभर बाहेर यायला हवी. भोकं पडलेली वापरू नका. वारा सुटला की घासकाम थांबवा. धूळ ओढून घेणारा ग्राइंडर मिळाला तर उत्तमच, दोन-तीन मालकांनी मिळून एक घेतला तर परवडतो. आणि काम थांबलं की भुगा आधी झाडून पोत्यात, मग ताडपत्रीची घडी. ती पाण्याच्या काठावर झटकायची नाही.

साबणाने तेल "घालवणं"

डिझेल सांडलं, तवंग दिसला, की कुणीतरी धुण्याची पावडर आणतं. पावडर टाकली की तवंग नाहीसा होतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. तेल मात्र गेलेलं नसतं. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतं, आणि आता ते गोळाही करता येत नाही. माशांना त्याचा त्रास जास्तच. तेल पाण्यावर दिसतंय तोवर ते उचलता येतं: जुने सुती कपडे, तेल शोषणारे पॅड, जमिनीवर असेल तर लाकडाचा भुसा किंवा तूस. भिजलेला भुसा मात्र लगेच झाकणाच्या डब्यात. उघड्यावर ठेवला तर पुढचा पाऊस त्यातलं तेल परत पाण्यात नेतो.

बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्याचंही हेच. इंजिनखाली पाणी आणि ऑइल एकत्र असतं आणि आपण पंप चालू करून सरळ तलावात सोडतो. आधी वरचं तेल पॅडने टिपून घ्या. पावसाळ्यात उभ्या ठेवलेल्या बोटी झाकून ठेवल्या तर त्यात पाणीच साचणार नाही.

जळकं ऑइल लाकडाला फासणं

वाळवी लागू नये म्हणून खांबांना, फळ्यांना, कधी बोटीच्या लाकडालाही जळकं ऑइल लावायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. धक्क्याजवळच्या खांबांना लावलेलं ऑइल पावसात धुऊन खाली येतं, दरवर्षी. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत मोडतं आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. एकट्या बोटवाल्याकडे वर्षाला थोडंच जमतं, म्हणून कुणी न्यायला येत नाही, ही तक्रार रास्त आहे. सगळ्यांनी एका ठिकाणी, झाकणबंद ड्रममध्ये जमवलं तर गाडी येते. त्यात पेट्रोल, थिनर किंवा पाणी मिसळू नका, नाहीतर घेणारा परत पाठवतो.

ड्रमखाली ट्रे हवा. सांडलं तर सगळं त्यात मावेल एवढा, म्हणजे ड्रमपेक्षा थोडा मोठा. पण ट्रे उघड्यावर ठेवलात तर तो पावसाने भरतो आणि तेल काठावरून ओसंडतं. ट्रे आणि छप्पर ही जोडी आहे.

छोट्या पण नेहमीच्या गोष्टी

समुद्रावरच्या बोटींना लावतात तो तांबं मिसळलेला रंग इथं लावू नका. खाऱ्या पाण्यात बुडाला शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, त्यांच्यासाठी तो असतो. गोड्या पाण्यात त्याचं काम नाही आणि तांबं मात्र पाण्यात उतरत राहतं.

उरलेलं रेझिन पातळ असताना फेकू नका. हार्डनर घालून डब्यातच घट्ट होऊ द्या. लागेल तेवढंच कालवा.

ब्रश धुतलेलं थिनर बरणीत ठेवा. गाळ बसला की वरचं परत वापरता येतं.

जुन्या बॅटऱ्या लाकडी फळीवर, छपराखाली. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे.

सुट्या टाकीत पेट्रोल भरायचं असेल तर ती बोटीतून काढून जमिनीवर ट्रेमध्ये ठेवा, नरसाळं वापरा आणि टाकी गच्च भरू नका, उन्हात इंधन फुगतं.

कागदावर नियोजन, पण माणूस नाही

नियोजनाला मोठी फाइल लागत नाही. एका कागदावर जागेचा नकाशा काढा: पाण्याची ओघळ, तेलाची जागा, बॅटरीची जागा, भुशाचं पोतं कुठं. खाली तीन नावं: आभाळ भरून आलं की झाकणं कोण बघेल, ताडपत्री कोण उचलेल, सांडलं तर कोण धावेल. "सगळे मिळून बघू" असं ठरलं की कुणीच बघत नाही. जाणूनबुजून प्रदूषक पाण्यात सोडायला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २४ ने बंदी आहे, पण कायद्याच्या भीतीपेक्षा त्या तीन नावांचा उपयोग जास्त होतो.

पावसानंतर तवंग दिसला तर

पाऊस थांबला की काठाने एक फेरी मारा. इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला की लगेच कुणावर ओरडू नका. आपल्या डोंगरमाथ्यावर जांभा. झऱ्याच्या पाण्यात लोह असतं आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंचाही अगदी तेलासारखा तवंग येतो. काठीने हलकेच ढवळून बघा. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि ते वेगवेगळेच राहिले, तर तो जिवाणूंचा, आजूबाजूला तांबूस साकाही दिसेल. काठी काढल्यावर तवंग फिरून एकमेकांत मिसळला आणि वास आला, तर ते तेल. मग ओघळीने उलट वर चालत जा. पंधरा-वीस पावलांत उघडा कॅन, गळका नळ किंवा भिजलेल्या भुशाचं पोतं सापडतंच. आधी ते बंद करा, मग ओघळीत तुसाची पोती आडवी टाका, आणि पाण्यावरचं टिपायला जुने कपडे घेऊन दोघं जण काठावर उतरा.