थकवा उन्हाचाच आहे ना? अ‍ॅड्रिनलची कमतरता ओळखा, सांभाळा

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की थकवा, चक्कर, काळवंडलेली कातडी सगळं उन्हाच्या नावावर खपतं. माझ्या आईचंही सहा महिने खपलं. ती विड्या वळते. तळहाताच्या रेषा काळ्या दिसल्या तेव्हा तंबाखूचा डाग समजून मी साबणाने घासून पाहिलं. गेला नाही. हिरड्याही काळसर होत्या आणि शेंगाचटणीवर ती वरून मीठ घ्यायची.

म्हणून आधी नीट बघा. उठताना चक्कर, वजन उतरणं, मळमळ, मिठाची ओढ हे सगळं एकत्र दिसलं तर थांबू नका. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल (ताण आणि आजारपण पेलायला लागणारं संप्रेरक) कमी बनवतात तेव्हा असं होतं. आपल्याकडे टीबी हेही त्याचं एक कारण आहे.

मग तपासणी. सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसोल, सोबत सोडियम-पोटॅशियम. निकाल काठावर असेल तर एसीटीएचचं (ग्रंथींना कॉर्टिसोल बनवायला लावणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन देऊन पुन्हा मोजतात.

सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कित्येक आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या एकदम बंद करू नका. स्टेरॉइड कॉर्टिसोलसारखंच काम करतं; ते बाहेरून मिळतंय म्हणून ग्रंथी काम सोडून देतात. बिनलेबलच्या ‘सांध्यांच्या पुड्यां’तही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यामुळे घेत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा.

निदान झालं की हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारी गोळी, दिवसाला साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून. ग्रंथीच निकामी असतील तर बहुधा फ्लुड्रोकॉर्टिसोनही (शरीरातलं मीठ टिकवणारी गोळी). गोळी उपासालाही चुकवायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजारपण. ताप आला की शरीराला जास्त कॉर्टिसोल लागतं, म्हणून डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. उलटीने गोळी टिकत नसेल, जुलाब थांबत नसतील, माणूस गुंगीत जात असेल तर वाट बघू नका. मोठ्या माणसाला 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या (ते द्यायला घरच्या एकाने आधीच शिकून घ्यावं), 108 लावा आणि दवाखान्यात पोचताच “अ‍ॅड्रिनलचा पेशंट आहे” असं पहिल्या वाक्यात सांगा. नुसत्या सलाइनवर भागत नाही.

गड्ड्याच्या जत्रेला निघतानाही आई बटवा चाचपते: आजाराचं नाव आणि डोस लिहिलेलं कार्ड आहे ना?