रेडिएटर कपाटाबाहेरच बसवा
कपाटात रोपे वाढवताना एलईडी दिव्यांची उष्णता पाण्याने वाहून न्यायची असेल, तर रेडिएटर आणि त्याचा पंखा कपाटाबाहेरच बसवावा. आत ठेवल्यास तीच उष्णता पुन्हा पानांभोवती घुटमळत राहते. 200 वॅट उष्णता घेणारे पाणी मिनिटाला 1 लिटर वेगाने फिरत असेल, तर ते जेमतेम 3 अंश सेल्सिअसने तापते, त्यामुळे मोठ्या पंपाची गरज नसते. खरी काळजी गळतीची घ्यावी. दिवे जोडण्यापूर्वी पंप दिवसभर नुसता चालवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवावा, आणि विजेची वायर प्लगच्या आधी खाली झोळासारखी सोडावी, म्हणजे ओघळणारा थेंब तिथेच गळून पडतो. पानांतून निघणारी वाफ मात्र या पाण्याने जात नाही. त्यासाठी हवा बाहेर टाकणारा छोटा पंखा लागतोच.