मधुमेहात पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नसेल तर

तळव्याला जखम झाली की घरातले आधी विचारतात, "कुठलं मलम आणू?" विचारायला हवं ते हे, की या जखमेवर दिवसभरात किती पावलं पडतात? मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. जखम दुखत नाही, म्हणून माणूस तिच्यावर चालत राहतो. दुखत नाही ही इथे काळजीची गोष्ट आहे.

म्हणून आधी पायावरचा भार काढा. नुसती चप्पल बदलून भागत नाही. तळव्यापासून गुडघ्याखालपर्यंत येणारं, सहज न निघणारं प्लास्टर किंवा बूट तळव्याच्या जखमेवर सगळ्यात गुणकारी ठरतो. निघणारा बूट लोक घरात आल्या आल्या काढून ठेवतात आणि स्वयंपाकघरात, न्हाणीघरात अनवाणी फिरतात. जखम तिथेच परत उलते. असं प्लास्टर पूर्वी कुष्ठरुग्णांच्या तळव्यांसाठी वापरत. वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ते पुढे अमेरिकेत रुजवलं. मात्र रक्तपुरवठा फारच कमी असेल किंवा जखम चिघळलेली असेल तर ते घालत नाहीत. त्यामुळे पुढची तपासणी आधी हवी.

रक्त पायापर्यंत पोचतंय का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर पुरवठा कमी आहे. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा कधीकधी उगाच चांगला दिसतो, म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब किंवा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी तपासणी) हेही करून घ्या. अंगठ्याचा दाब ३० मिमी (पारा) च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे लगेच जा. रक्तच पोचत नसेल तर कितीही महागडं ड्रेसिंग वाया जातं.

कडेची जाड, मेलेली कातडी काढावीच लागते, पण ते डॉक्टरांचं काम. घरी ब्लेडने घट्टा कापू नका. रोज हात धुऊन, सलाइनने जखम स्वच्छ करून, सांगितलेलं ड्रेसिंग बांधा. हळद, चुना, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही नको. गरम पाण्यात पाय बुडवणं तर अजिबात नको. बधिर पायाला भाजलेलंही कळत नाही.

अँटिबायोटिक फक्त संसर्ग असेल तरच. डॉक्टरांनी जखमेत तपासणीची सळई घातल्यावर ती हाडाला लागत असेल तर हाडात संसर्ग असण्याची शक्यता मोठी. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून तो परत काढायला सांगितला तर टाळू नका.

साखर ताब्यात ठेवा, तंबाखू-मिसरी सोडा. डाळ, अंडी, दूध पोटात जाऊ द्या. किडनीचा त्रास असेल तर किती खायचं ते विचारून घ्या.

दर आठवड्याला त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा. योग्य उपचार चालू असूनही चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही, तर तेच मलम पुढे ओढू नका. हे फोटो दाखवा आणि भार, रक्तपुरवठा, हाड, तिन्ही परत तपासून मागा.

ताप, घाण वास, काळं पडलेलं बोट किंवा जखमेभोवती पसरणारी लाली दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. उद्या जाऊ म्हणून थांबू नका.

जखम भरली तरी वर्षभरात दहापैकी साधारण चौघांना ती परत होते. रोज तळवा आरशात पाहा. जोतिबाला अनवाणी जायचा नवस असेल तर घरच्यांशी बोलून तो वेगळ्या रीतीने फेडा. अंबाबाईच्या आवारातल्या तापलेल्या फरशीवर चालणंही टाळा, नुसते मोजे पुरत नाहीत. कडक चामड्याची कोल्हापुरी अंगठ्याला काचते, ती सध्या बाजूला ठेवा आणि मऊ, स्पंजासारख्या एमसीआर रबराची, मागून पट्टा असलेली चप्पल घ्या. ती संध्याकाळी विकत घ्यावी, कारण तोवर पाय सुजलेला असतो आणि माप खरं कळतं. घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटी करून झटका आणि आतून बोटं फिरवा. शेतातला खडा किंवा काटा हाताला लागेल, पायाला कळणार नाही.